दोघींना

हॅचरीने विकायला काढली तेव्हा
बाबालाल मुलाणी म्हणाला, इंजिन आहे, बाकी काही नाही.
बेचाळीस हजारांत मॅटाडोर घेतली.
ब्लोअर लावला की अजून पिवळी लव उडते,
एका दिवसाच्या पिल्लांची,
आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसते.

दुसरा गिअर टिकत नाही.
डाव्या हाताने दाबून धरावा लागतो,
जत्रेत पोराचं मनगट धरावं तसा.
आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो.
बाबालालने वायरिंग दोनदा उकललं,
दोनदा चहा प्यायला, म्हणाला,
वाजू दे मॅडम, तेवढीच सोबत.

भाऊ म्हणाला, एकटीच? ह्या डब्यातनं?
बामणोलीत काय ठेवलंय?
काही नाही.
एकोणतीस वर्षं कवठेमहांकाळात शिवणक्लास चालवला,
भिंतीवर सहकारी बँकेचं कॅलेंडर,
त्यातलं तलावाचं पान
वर्ष संपलं तरी उलटलं नाही मी,
इतकंच.

नागज फाट्याला डावीकडे वळले.
हॉर्न वाजला. टपरीवरच्या माणसाने
कप खाली ठेवून हात वर केला.
मीही केला.
पुढे प्रत्येक डाव्या वळणाला कुणीतरी ओळखीचं निघालं.

झरे ओलांडलं.
गावाचं नाव झरे, आणि रस्त्याकडेला
टँकरची वाट बघत उभी निळी पिंपं.
टेंभूचं पाणी आलंय म्हणतात, ह्या वाडीला अजून नाही.
तिथेच काटा लाल झाला,
बॉनेटमधून वाफ,
एप्रिलचे अडीच वाजलेले.

कुडाच्या सावलीतून एक बाई उठली.
मी म्हटलं, आक्का, पाणी मिळेल?
तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.
गाडीला का तुला?
मी म्हटलं, दोघींना.

मग ती आत गेली.
पिंपाच्या तळाला तांब्या घासल्याचा आवाज
बाहेरपर्यंत आला.
आधी मला दिलं.
मग गाडीला, पदराने झाकण धरून, थेंब न सांडता,
जणू बाळंतिणीला पाजतेय.
पैसे काढले तर म्हणाली, पाण्याचं असतंय व्हय काय?

मायणी, वडूज, पुसेगाव.
वर्धनगडच्या घाटात दुसरा गिअर धरून धरून
हाताला मुंग्या आल्या.
साताऱ्यात रात्र काढली,
कास पठारावर सकाळी धुकं नव्हतं, फुलं नव्हती,
एक पंक्चर होतं.

आणि बामणोली.
कॅलेंडरवाल्याने खोटं छापलं नव्हतं.
इतकं पाणी, की बघताना
आपण कुणाचं तरी वापरतोय असं वाटलं.
अर्धा तास बसले. भेळ खाल्ली.
मग वीस लिटरचे दोन कॅन भरले.
नावाडी हसला, पाणी नेताय? साताऱ्यात नळ आहेत की.

परतताना हायवेने कऱ्हाड, तासगाव,
चार तास वाचले असते.
नाही वाचवले.
घाटात काटा परत लाल.
मागे चाळीस लिटर पाणी डुचमळत होतं,
आणि मी बाटली घेऊन चालत हॉटेलात गेले.
मालक म्हणाला, कॅन दिसतायत की गाडीत?
म्हटलं, ते दुसऱ्याचे आहेत.

वाडीत पोचले तर दाराला कडी.
शेजारचं पोर म्हणालं,
आक्का आटपाडीला गेलीया, बाजारला.
कोण आलंतं म्हनून सांगू?

माझं नाव तिने विचारलंच नव्हतं.
कॅन उंबऱ्याशी ठेवले, सावलीत.
पोराला सांगावं असं काही सुचलं नाही.

तिच्या घरापुढचं वळण
जाताना उजवं होतं,
येताना डावं.
गाडीने लांबलचक हाक मारली,
पोर पळत रस्त्यावर आलं,
आणि दुसरा गिअर
पुन्हा निसटला.